हिरवी थैली घेऊन फिरलेल्या शिक्षिका : मेरी लायन

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बकलंड या डोंगराळ गावी २८ फेब्रुवारी १७९७ रोजी एका शेतकरी कुटुंबात मेरी लायन यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षी पितृछत्र हरपले. पुढे आईने दुसरा विवाह केला आणि मेरी भावाचे घर सांभाळू लागल्या. त्याबद्दल भाऊ आठवड्याला एक डॉलर देई. १८१४ साली त्या शिक्षिका झाल्या. पगार आठवड्याला अवघे ७५ सेंट! काही दिवस शिकवावे, चार पैसे साठले की स्वतः शिकावे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी मुलांसाठी कॉलेजे होती, मुलींना तेथे प्रवेश नव्हता. मुलींच्या बऱ्याचशा शाळा एखाद्या शिक्षिकेच्या जिवावर चालत. ती गेली की शाळाही बंद पडे. फी तर गरिबांच्या आवाक्याबाहेर. कोणा एकाच्या मालकीची नसलेली, विश्वस्तांच्या हाती कायम टिकणारी आणि सामान्य घरच्या मुलींना परवडणारी संस्था काढायची, असा मेरीबाईंनी निश्चय केला.

१८३४ साली इप्सविच येथील नोकरी सोडून त्या बाहेर पडल्या. हातात हिरवी मखमली थैली घेऊन, घोडागाडीने गावोगाव, दारोदार फिरल्या. बाईमाणसाने असे वर्गणी मागत हिंडावे, हे अनेकांना रुचले नाही. पण त्या थांबल्या नाहीत. आरंभीचे सुमारे हजार डॉलर इप्सविचच्या स्त्रियांनीच दिले. पुढे १,८०० हून अधिक लोकांकडून सुमारे २७ हजार डॉलर जमले. त्यात हजार डॉलर देणारे होते, तसेच सहा सेंट देणारेही होते.

८ नोव्हेंबर १८३७ रोजी साउथ हॅडली येथे माउंट होलिओक संस्था ८० विद्यार्थिनींनिशी सुरू झाली. राहण्याजेवण्यासह वर्षाची फी ६० डॉलर. खर्च वाचावा म्हणून स्वयंपाक व झाडलोट मुलीच करीत. मात्र अभ्यासात सवलत नव्हती. प्रवेशासाठी परीक्षा होती आणि रसायनशास्त्र स्वतः मेरीबाई शिकवीत. त्यांनी आपला पगार वर्षाला २०० डॉलर एवढाच ठेवला होता. सुप्रसिद्ध कवयित्री एमिली डिकिन्सन १८४७-४८ मध्ये येथेच शिकत होत्या.

५ मार्च १८४९ रोजी मेरीबाईंचे निधन झाले. संस्था मात्र बंद पडली नाही. १८९३ साली तिचे नाव माउंट होलिओक कॉलेज झाले व ते आजही चालू आहे.

पालकहो, त्या इमारतीत सहा सेंटचाही वाटा आहे. आपल्या मुलींच्या शिक्षणाला हातभार लावताना रक्कम लहान म्हणून कोणी मागे राहू नये. विद्यार्थिनींनो, तुम्हीही कष्टाला लाजू नका आणि अभ्यासात सवलत मागू नका.