रावबहादूर लोखंडे आणि त्यांची विस्मृतीत गेलेली मागणी

भिवंडी, प्रतिनिधी - रविवारच्या सुटीचे जनक म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र गिरणीत हात किंवा पाय गमावलेल्या कामगाराच्या उर्वरित आयुष्याची तजवीज मालकाने करावी, अशी मागणी याच लोखंडे यांनी १८८४ मध्ये केली होती, याची आठवण क्वचितच काढली जाते. धोटा उडून डोळ्याला इजा होणे किंवा पट्ट्यात हात सापडणे हे प्रकार जिथे परके नाहीत, त्या भिवंडीत तरी ही आठवण ठेवायला हवी.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. शिक्षण ठाण्यात झाले. रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मुंबईत मांडवी येथील कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी वाचून नव्हे, तर या नोकरीत रोज पाहून जाणले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० मध्ये मुंबईस आले व त्याची धुरा लोखंडे यांनी नोकरी सोडून स्वीकारली.

त्या काळी गिरणीचा दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा धोकादायक यंत्रांभोवती कठडे घालण्यास सांगत होता, पण तो शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. कामगार जायबंदी झाल्यावर काय करायचे, यावर कायदा गप्प होता. १८५५ च्या एका कायद्याने अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दिवाणी दावा लावता येई, परंतु त्यासाठी दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे. गिरणी कामगाराच्या विधवेला ते कितपत शक्य होते, हे सांगायला नको!

सरकारने १८८४ मध्ये कारखाना आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी २३ व २६ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेवर मर्यादा आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार या चार मागण्या होत्या. पाचवी मागणी दुखापतीची होती. काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. ही दया नव्हे, कामगाराचा हक्क आहे, हा तिचा मथितार्थ. अपघात विम्याचा कायदा जर्मनीत त्याच वर्षी संमत झाला होता. इंग्लंडमध्ये नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १८९७ साल उजाडावे लागले. परळच्या मैदानातील ही मागणी म्हणूनच काळाच्या बरीच पुढे होती.

मुंबई मिल हँड्स असोसिएशन ही त्यांची संघटना आजच्या अर्थाने युनियन नव्हती. सभासदांची नोंद नाही, निधी नाही, घटना नाही. म्हणून काही अभ्यासक तिला फारसे महत्त्व देत नाहीत. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनी तेथे भाषणे केली आणि १० जून रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली, हेही तितकेच खरे. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगाच्या कामात कामगारांची बाजू लोखंडे यांनीच मांडली. १८९१ च्या कायद्याने शंभराची मर्यादा पन्नासवर आली. भरपाई मात्र मिळाली नाही.

विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिकांना संघटित केले, १८९३ च्या दंगलीनंतर सलोख्यासाठी झटले. १८९५ मध्ये रावबहादूर हा किताब मिळाला. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मूळ मागणीला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. पुढे दुरुस्त झालेल्या या कायद्यात पूर्ण कायम अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या साठ टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढली जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला तरी हे सूत्र टिकून आहे.

मात्र ते वापरण्यासाठी आधी कामगाराचे वेतन सिद्ध व्हावे लागते. भिवंडीतील मागावर मजुरी मीटरवर ठरते. नेमणुकीचे पत्र नाही, वेतनचिठ्ठी नाही आणि एकाच छपराखालील माग अनेक नावांवर विभागलेले. राज्य विम्याच्या दहा कामगारांच्या अटीतून असा कारखाना सहज निसटतो. मग उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातून आलेल्या कामगाराला हात गमावल्यानंतर पहिली लढाई द्यावी लागते ती आपण या मागावर कामाला होतो, हे सिद्ध करण्याची.