चार्ल्स ब्रॅडली

चार्ल्स ब्रॅडली (इ.स. १९०२ – इ.स. १९७९) हे अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ होते. वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांवर उत्तेजक औषधांचा होणारा परिणाम त्यांनी १९३७ मध्ये प्रथम नोंदवला. पुढे अवधान-अभाव व अतिचंचलता विकार (एडीएचडी) या नावाने ओळखल्या गेलेल्या विकाराच्या औषधोपचाराचा पाया या नोंदीने घातला गेला.

पार्श्वभूमी

ब्रॅडली यांचे वैद्यकीय शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात झाले. त्यांचे चुलत आजोबा जॉर्ज लोथ्रॉप ब्रॅडली यांची एकुलती एक मुलगी एमा हिला बालपणी मेंदूज्वर झाला व त्यातून तिला कायमचे अपंगत्व आले. अशा मुलांसाठी उपचारांची सोय नाही हे जाणून जॉर्ज यांनी आपली संपत्ती मृत्युपत्राद्वारे या कार्यासाठी ठेवली. त्यातून १९३१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे एमा पेंडलटन ब्रॅडली होम हे केवळ मुलांसाठीचे मनोरुग्णालय सुरू झाले. चार्ल्स ब्रॅडली या संस्थेचे वैद्यकीय संचालक झाले. मुले तेथेच राहत आणि संस्थेच्या शाळेत शिकत. त्यामुळे डॉक्टर, परिचारिका व शिक्षक यांना त्यांचे वर्तन दिवसभर पाहता येई.

१९३७ चे निरीक्षण

मेंदूची रचना पाहण्यासाठी त्या काळी पाठीच्या मणक्यातून द्रव काढून त्याजागी हवा भरत व क्ष-किरण चित्र घेत. या वेदनादायक तपासणीनंतर मुलांचे डोके तीव्रतेने दुखे. मेंदूभोवतीचा द्रव लवकर भरून यावा या अपेक्षेने ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही. मात्र काही मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारल्याचे शिक्षकांच्या लक्षात आले.

त्यानंतर ब्रॅडली यांनी ५ ते १४ वर्षे वयाच्या ३० मुलांना एक आठवडा हे औषध दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली. अनेक मुले शांत झाली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे त्यांना स्वतःलाही विसंगत वाटले. औषध थांबवताच परिणाम ओसरे. मुले या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली.

उपचारांविषयीची भूमिका

औषध उपयोगी पडले की नाही, हे ब्रॅडली केवळ मुलाच्या शांतपणावरून ठरवत नसत. वर्गातील काम, त्यातील रस आणि इतरांशी वागणूक यांत पडलेला फरक ते पाहत. मूल गप्प बसले म्हणजे त्याचे भले झालेच असे नाही, हा भेद या पद्धतीत अंतर्भूत होता. औषध हे अनुकूल वातावरणाला पर्याय ठरू शकत नाही, अशीही त्यांची भूमिका होती. आजच्या निकषांनी पाहता या संशोधनाला मर्यादा होत्या. मुलांची संख्या थोडी होती, औषधाविना ठेवलेला तुलनेचा स्वतंत्र गट नव्हता आणि कालावधीही अल्प होता.

उत्तरकाळ व वारसा

१९४८ मध्ये ब्रॅडली संस्था सोडून ओरेगन राज्यात गेले. अमेरिकेतील मनोविकारशास्त्रावर तेव्हा मनोविश्लेषणाचा प्रभाव असल्याने त्यांच्या निष्कर्षांकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. १९५७ मध्ये त्याच संस्थेतील मॉरिस लॉफर व सहकाऱ्यांनी अतिचंचलतेच्या विकाराचे वर्णन केल्यावर हा विषय पुन्हा पुढे आला. १९८७ मध्ये अमेरिकन वर्गीकरणात एडीएचडी हे नाव आले.

या विकाराच्या उपचारांची उद्दिष्टे ठरवताना आता केवळ लक्षणे कमी होण्यावर भर दिला जात नाही. मुलांच्या बाबतीत गृहपाठ पूर्ण होणे, मैत्री टिकणे व घरातील तंटे कमी होणे, तर प्रौढांच्या बाबतीत कामाच्या मुदती पाळणे, पैशांचा हिशेब ठेवणे व वाहन सुरक्षित चालवणे अशी मोजता येण्याजोगी उद्दिष्टे रुग्ण व कुटुंबीयांसह निश्चित केली जातात आणि ठरावीक काळाने तपासली जातात. दैनंदिन जीवनात पडलेल्या फरकावरून उपचार जोखण्याची दिशा ब्रॅडली यांच्या वर्गातील निरीक्षणांतही आढळते.