पंडिता रमाबाई आणि उघडे दार



पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेत वाचले आहे. आज त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या एका पेचाचा विचार करू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी देश हिंडत त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरवले. १८८० साली त्यांनी वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य आले, पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथेही, मनाला पटल्याशिवाय केवळ कोणी सांगते म्हणून शिकवण स्वीकारायला त्या तयार नव्हत्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. येथे कोणावर धर्म लादला जाणार नाही, असे त्यांनी वचन दिले होते. मुली आपापले आचार पाळत. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मुलीसोबत बायबल वाचून प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. हळूहळू काही मुली तेथे येऊन बसू लागल्या.

आता काय करावे? दार लावले तर आपली श्रद्धा लपवल्यासारखे होते. मुलींना बोलावले तर वचन मोडते. त्यांनी बोलावले नाही, पण दारही लावले नाही. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची भीती अगदीच खोटी होती, असे मी म्हणणार नाही. जिच्या घरी आपण जेवतो, तिच्यापुढे 'नाही' म्हणणे सोपे नसते. म्हणून ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने दुसऱ्याचे स्वातंत्र्य अधिकच जपावे लागते. परंतु मुलींनाही स्वतःचे मन होते, हे त्या वादात फार थोड्यांना आठवले.

रमाबाईंनी नुकसान सोसले आणि काम चालू ठेवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना आसरा दिला. केडगावचे 'मुक्ती सदन' त्यातूनच उभे राहिले. तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूघरी गेल्या.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने शिकवले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्यास कोणाला अडवूही नये. देवाला आपला होकार हवा आहे, पण तो मोकळ्या मनाचा.

आपल्या कबनूरच्या घरांतही असे पेच येतात. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, कोणी मिस्साला येईनासे होणे. बजावून सांगणे सोपे असते. या आठवड्यात एकदा तरी मुलांना त्यांचे मत विचारूया, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.

प्रभू येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू