ओकाकुरा काकुझो

जपानात चहा हे केवळ तहान भागविण्याचे पेय नसून तो एक संस्कार आहे. त्या विधीत चहाची पूड ठेवण्यासाठी मातीची एक लहानशी कुपी असते आणि तिला जुन्या, मोलाच्या रेशमी वस्त्राची पिशवी शिवतात. ही वस्त्रे पुष्कळशी चीनमधून व काही हिंदुस्थानातून गेली. एका जरीच्या विणीला तर तेथे मोगलांवरून ‘मोरु’ असे नाव पडले. आपली पैठणी व हिमरू ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. ह्या विधीचे मर्म ज्यांनी जगास समजावून दिले, त्या पंडिताचे चरित्र विद्यार्थ्यांनी मनन करावे असे आहे.

ओकाकुरा ह्यांचा जन्म इ. स. १८६३ मध्ये योकोहामा बंदरात झाला. त्यांचे वडील मूळचे फुकुई संस्थानातील सामुराई. पुढे ते रेशमाचा व्यापार करू लागले. दुकानी परदेशी गिऱ्हाइके येत, म्हणून मुलास लहानपणीच एका मिशनऱ्याकडे इंग्रजी शिकण्यास घातले. तो ती भाषा अस्खलित बोलू लागला. परंतु एकदा वडिलांबरोबर प्रवासात असता सरहद्दीवरील पाटी त्यास वाचता येईना. ती त्याच्याच मातृभाषेत होती! वडील खजील झाले व त्यांनी मुलास एका मठात जुन्या विद्येचे अध्ययन करण्यास ठेवले, अशी आख्यायिका आहे.

तो धडा ओकाकुरा कधीच विसरले नाहीत. त्या काळी जपानी लोक पाश्चात्त्य वस्तूंच्या मोहाने आपल्या कलेस तुच्छ लेखू लागले होते. ओकाकुरा ह्यांनी गुरू फेनोलोसा ह्यांच्यासह जुनी देवालये धुंडाळली. होर्युजी येथील एक प्राचीन मूर्ती शेकडो हात कापडात गुंडाळलेली होती आणि ते कापड सोडल्यास अनर्थ ओढवेल, अशी पुजाऱ्यांस भीती होती. तरीही १८८४ मध्ये त्या दोघांनी ते सोडविले. सन १८९० मध्ये ओकाकुरा तोकियोच्या कलाशाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढे मतभेद विकोपास जाऊन १८९८ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले; तथापि हताश न होता त्यांनी त्याच वर्षी नवी कलासंस्था स्थापिली.

सन १९०२ मध्ये हिंदुस्थानात असता त्यांनी आपल्या मराठवाड्यातील अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहिली. आपल्या मुदखेडावरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग ज्या औरंगाबादेवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावरून जातो, तेथूनच यात्रेकरू त्या लेण्यांकडे वळतात. पुढे ते अमेरिकेतील बोस्टन येथील संग्रहालयात काम करू लागले. सन १९०६ मध्ये त्यांनी चहावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ इंग्रजीत लिहिला. चहाच्या आचार्यांची अभिरुची कुंभारकाम, उद्याने व विणकाम ह्या सर्वांवर उमटली असून कित्येक वस्त्रांस त्या आचार्यांचीच नावे मिळाली आहेत, हे त्यांनी त्यात दाखविले. ‘एन्शू दोन्सु’ हे वस्त्र त्याचेच उदाहरण होय.

सन १९१३ च्या सप्टेंबरात हा थोर पुरुष निवर्तला.

बालमित्रहो, ज्या परभाषेपायी ओकाकुरांची मातृभाषा मागे पडली होती, त्याच परभाषेत त्यांनी स्वदेशाचे वैभव जगास सांगितले. तुम्हीही इंग्रजी अवश्य शिका. परंतु आपल्या वेशीवरील पाटी वाचावयास मात्र विसरू नका.