आकड्यांच्या मागच्या ॲना मणी

लॅबमधल्या बोर्डावर लिनक्सची एक फाईल वाचली, ४७००० आलं. हजारने भागा, ४७ अंश. थेट नागपूरचा मे! पण सेन्सर देतो फक्त व्होल्टेज, त्याचे अंश ड्रायव्हर करतो. ताडून पाहिलेलं नसेल, तर फाईल बिनधास्त खोटं सांगते. या ताडण्यातच ॲना मणींनी आयुष्य घातलं.

जन्म १९१८, केरळातलं पीरमेड. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नको म्हणून ज्ञानकोश मागितला. पुढे बंगळूरला रामन यांच्याकडे हिरे-माणकांच्या वर्णपटांवर पाच शोधनिबंध लिहिले, तरी एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. (मला तर वाचूनच राग आला.) मग लंडनला हवामानाची उपकरणं शिकून त्या १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत आल्या. तेव्हा साधी उपकरणंसुद्धा विलायतेहून यायची. त्यांनी जवळजवळ १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, ती इथेच बनवून घेतली. अचूकतेत तडजोड नाही म्हणजे नाही.

१९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला गेल्या. ती पीएच.डी. शेवटपर्यंत मिळाली नाही.