कै. ताराबाई मोडक : पटाबाहेरच्या मुलांची माउली

आजच्या पालघर जिल्ह्याच्या भूमीत ज्यांनी विद्यादानाचे व्रत आचरिले, त्यांत कै. ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस, प्रार्थनासमाजाच्या सुधारकी संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. संसारसुख त्यांना फार काळ लाभले नाही. तथापि खचून न जाता त्यांनी राजकोट येथे स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांना बालशिक्षणाची दीक्षा मिळाली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला व १९३६ साली दादर येथे शिशुविहार उभे राहिले.

मुंबईत मानमान्यता लाभली असता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्यासारखी निष्ठावंत सहकारी त्यांना तेथे लाभली. माँटेसोरी पद्धतीची साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, खडे, बिया व पाने हीच साधने झाली. जी मुले बालवाडीच्या दारी येईनात, त्यांच्या अंगणात बालवाडी गेली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोचले.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथील मुले दिवसभर गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. शाळेची वेळ व गुरांची वेळ एकच. अशा स्थितीत गैरहजेरी वाढे, पटावरून नाव कमी होई आणि दोष मात्र मुलाच्या माथी बसे. या दोघींनी तो दोष शाळेच्या ठायी पाहिला. गुरे चरत त्या कुरणातच शिक्षक जाऊ लागले व कुरणशाळा सुरू झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभारली. त्यामुळे कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकली.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, देह ठेवीतो, हा वसा चालविला. वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी विधायक संसदेने चालविलेल्या भोंगाशाळा याच विचाराच्या वाटेवरील होत.

ज्ञातिबंधुभगिनींनो, गुणवंतांचा सत्कार आपण दरसाल करतो, तो योग्यच आहे. परंतु नापास होऊन घरी बसलेला, शाळेने नाव काढलेला मुलगाही आपलाच आहे. त्याच्या दारी कोणीतरी गेले पाहिजे. विद्यार्थी निधीतील एक वाटा त्याच्यासाठी राखून ठेवणे, हेच ताराबाईंचे खरे स्मरण ठरेल.