एकांतातला चित्रकार : एडवर्ड मुंक

दोन्ही हात गालांवर ठेवून किंचाळणारा इमोजी तुम्ही मोबाईलवर नक्की पाहिला असेल. तो पाहिला की पुष्कळांना एक जुने चित्र आठवते. त्या चित्राचे नाव 'किंकाळी', साल १८९३, आणि चित्रकार नॉर्वे देशाचे एडवर्ड मुंक. या एका चित्रामुळे मुंक जगभर ओळखले जातात. पण आज आपण त्यांचे दुसरेच एक चित्र पाहणार आहोत. ते साथीच्या काळातले आहे. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा घरातले दिवस कसे गेले हे तुम्हाला आठवत असेल (फार लहान असाल तर आईबाबांना विचारा). त्यामुळे हा माणूस तुम्हाला फारसा परका वाटणार नाही.

एडवर्डचा जन्म १२ डिसेंबर १८६३ चा. वडील सैन्यात डॉक्टर होते. घरात डॉक्टर असूनही आजारपण काही या घराची पाठ सोडेना. एडवर्ड पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. मग मावशी कॅरेन हिने पाचही भावंडांना सांभाळले. एडवर्ड स्वतःही सारखा आजारी पडायचा. हिवाळा आला की छाती भरायची, खोकला सुरू व्हायचा आणि शाळा बुडायची. अंथरुणात पडून दिवसभर करायचे काय? तर चित्रे काढायची. मावशीला स्वतःला चित्रकलेची आवड होती, तिने त्याला उत्तेजन दिले. म्हणजे बघा, घरात अडकून पडणे आणि चित्र काढणे या दोन गोष्टींची जोडी त्याच्या आयुष्यात किती लवकर जमली होती!

१८७७ साली त्याची मोठी बहीण सोफी पंधराव्या वर्षी क्षयानेच गेली. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता. शेवटच्या वेळी तिला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवले होते. ती खुर्ची मुंक यांनी पुढे आयुष्यभर जपून ठेवली. बहिणीच्या आठवणीतून त्यांनी 'आजारी मुलगी' हे चित्र काढले. १८८६ साली ते प्रदर्शनात लागले, तेव्हा लोकांनी त्याची चक्क टिंगल केली. चित्र अर्धवट आहे, रंग खरवडलेले आहेत, असे आक्षेप होते. रंग खरवडलेले होते हे खरेच, कारण मनासारखे उतरेना म्हणून मुंक यांनी ते पुन्हा पुन्हा खरवडून रंगवले होते. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी हेच चित्र आणखी पाच वेळा नव्याने रंगवले.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. पॅरिस, बर्लिन असा प्रवास झाला, नाव झाले, पण दारूचे व्यसन लागले आणि मन खचले. १९०८ साली कोपनहेगनच्या एका दवाखान्यात त्यांना काही महिने राहावे लागले. तिथून बरे होऊन ते मायदेशी परतले.

१९१६ साली त्यांनी राजधानीजवळ 'एकेली' नावाची जागा विकत घेतली. आजच्या ऑस्लो शहराचे नाव तेव्हा क्रिस्तियानिया होते. एकेली म्हणजे पूर्वीची रोपवाटिका, चांगली अकरा एकर. लग्न केलेले नाही, सोबतीला कुत्री आणि घरकामाला एखादी बाई, एवढाच संसार. आवारात भाजी होती, फळझाडे होती. नांगराला जुंपलेला घोडासुद्धा त्यांच्या चित्रांत येतो. आवारातच त्यांनी उघड्यावर लाकडी स्टुडिओ बांधले. चित्रे पावसात, बर्फात तशीच बाहेर ठेवायची त्यांची सवय होती. ऊनपावसाने चित्राला चांगला रंग चढतो असे त्यांना वाटे. (तुम्ही आपली चित्रकलेची वही मात्र पावसात ठेवू नका!) म्हणजे विलगीकरण हा शब्द कानावर यायच्या आधीच मुंक एकटे राहायला शिकले होते.

आणि मग स्पॅनिश फ्लू आला. हीच साथ जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून आपल्याकडे शिरली होती. आपल्या खेड्यापाड्यांत तिला मानमोडी म्हणत. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. नॉर्वेसारख्या छोट्या देशातही सुमारे १५,००० माणसे गेली. व्हिएन्नामध्ये एगॉन शीले हा तरुण चित्रकार होता, अवघा २८ वर्षांचा. त्याची गरोदर पत्नी आधी गेली आणि तीन दिवसांनी, ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी, तोही गेला. मुंक तेव्हा पंचावन्न वर्षांचे, लहानपणापासून छातीने कमजोर. अशा माणसाला या तापाची किती धास्ती वाटली असेल!

१९१९ साली त्यांनी स्वतःलाच या साथीचा रुग्ण म्हणून रंगवले. चित्र चांगले मोठे आहे, उंची दीड मीटर. डोळ्यांसमोर आणा. मागे विस्कटलेला पलंग. पुढे वेताच्या खुर्चीत मुंक बसले आहेत. अंगात घरातला झगा, पायांवर पांघरूण, हात मांडीवर. चेहरा पिवळट, डोळे अस्पष्ट, तोंड अर्धवट उघडे, जणू श्वास घ्यायलाही त्रास होतोय. डॉक्टर नाही, औषधाची बाटली नाही, जवळ कुणीच नाही.

आता सोफीचे चित्र आठवा. तिथेही आजारी माणूस खुर्चीतच बसला आहे. पण सोफीच्या शेजारी मान खाली घातलेली एक बाई आहे, तिच्यासाठी दुःख करणारे कुणीतरी आहे. १९१९ च्या चित्रात ती जागा रिकामी आहे. मला विचाराल तर या चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. शेजारी कुणी नाही म्हणून आजारी माणूस थेट आपल्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे, तोंड करून बसला आहे. साथीतल्या एकटेपणाबद्दल पानेच्या पाने लिहिता येतील, पण ते इतके नेमके दिसणार नाही.

मुंक तिथेच थांबले नाहीत. फ्लूनंतरचेही एक आत्मचित्र त्यांनी काढले. त्यात चेहरा आपल्या अगदी जवळ आला आहे. थकलेला आहे, पण जिवंत आहे. समोर बसायला दुसरे कोणी नसले तरी आपण स्वतः असतोच ना, मग तेच आपले मॉडेल! १९३० मध्ये उजव्या डोळ्यात रक्तस्राव होऊन दिसेनासे झाले, तेव्हा दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. यांनी काय केले असेल? बिघडलेल्या डोळ्याला जे काळे डाग आणि वर्तुळे दिसत होती, तीच कागदावर उतरवली. डोळा कसा सुधारतोय हेही चित्रांतून टिपत गेले.

२३ जानेवारी १९४४ रोजी एकेलीच्या घरीच त्यांचे निधन झाले. नॉर्वे तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. जवळ ठेवलेली सगळी चित्रे त्यांनी ऑस्लो शहराच्या नावे केली होती. रंगचित्रेच हजाराहून अधिक, शिवाय हजारो छापचित्रे आणि रेखाटने. राहते घर १९६० मध्ये पाडले गेले. आवारातला हिवाळी स्टुडिओ मात्र आजही उभा आहे.